मिंग थाव्रीच्या हातचे कागद

नाव: ओम थाव्री. लिंग: स्त्री. जन्म: साल अंदाजे १९६३, महिना पावसाळ्यातला. वडील: नाहीसे. शिक्षण: सहावी, त्यापुढे शाळा नाहीशी. व्यवसाय: गृहिणी (तांदळाच्या शेवया विकतात). सदर महिलेने थ्नोतकोंग गावच्या प्रमुखांच्या प्रेरणेने व मार्गदर्शनाखाली 'थ्नोतकोंग महिला सलोखा साहाय्य संघटना' स्थापन करून कुटुंबव्यवस्था बळकट करण्याच्या कामी प्रशासनास मोलाचे सहकार्य केले. त्यांच्या शांत, नम्र व सामंजस्याच्या स्वभावामुळे गावातील सर्व कौटुंबिक मतभेद आपसात मिटले असून गेल्या नऊ वर्षांत गावात मारहाणीची नोंद शून्य आहे. सबब हे प्रशस्तिपत्र.

या मजकुरात नाव आणि गाव बरोबर आहे. शेवया विकतात हेही खरं. 'शांत, नम्र' ज्याने लिहिलं त्याने बाईला बघितलेलं नसावं, किंवा बघितलं असेल आणि सावधगिरी म्हणून लिहिलं असेल. 'प्रेरणेने' या शब्दाबद्दल मात्र दुमत नाही. गावप्रमुख नसता तर संघटना निघालीच नसती. विंचू नसता तर विंचवाचं औषध तरी कशाला निघालं असतं?

गाव तिला मिंग म्हणतं, म्हणजे मावशी. या मावशीचं आयुष्य बिघडवलं ते तिच्या अक्षराने.

बाप शाळामास्तर होता. त्याने पोरीकडून पाटीवर गिरवून गिरवून गोल, टपोरं, एका ओळीत चालणारं अक्षर काढून घेतलं. मग ती तीन-चार वर्षं आली, जेव्हा नव्या राजवटीत लिहिता-वाचता येणं हाच गुन्हा होता. बापाला एका दुपारी 'शिकायला' म्हणून बोलावून नेलं. मास्तराला आणखी काय शिकवणार होते, हे कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्यांनाही शिकायला नेत असत. त्यानंतर पोरगी अडाणी झाली. कुणी मुद्दाम कागद हातात दिला तर उलटा धरायची आणि दात काढून हसायची. ते दिवस सरले तेव्हा गावात नीट लिहिता येणारी माणसं चार उरली होती. त्यांतली दोन शहरात गेली, एक दारूत गेलं. उरली थाव्री.

त्या दिवसांनी तिला एक खोड लावली. अक्षर असलेला कागद तिच्याने टाकवत नसे. औषधाची पुडी, लग्नाचं आमंत्रण, बियाण्याच्या पिशवीवरची चिठ्ठी, सगळं घरातल्या झाकणाच्या रांजणात जायचं. नवरा लाकडं तोडायला जंगलात गेला आणि सुरुंगावर पाय पडून तिथेच राहिला. त्याच्याबद्दल ती वाईट बोलत नसे. चांगलंही बोलत नसे.

गावप्रमुख ता सुओन. 'ता' म्हणजे आजोबा, पण प्रमुख झाला तेव्हा तो चाळिशीतही नव्हता. पद माणसाला लवकर म्हातारं करतं, निदान हाक मारण्यापुरतं. तो वाईट माणूस नव्हता. हे सगळे सांगतात. स्वतःच्या बायकोवर त्याने कधी हात उचलला नाही, देवळाच्या कामाला तो पहिला हजर असे, आणि कुणाच्या घरी मयत झाली तर रडायला शेवटपर्यंत थांबत असे. वाईट माणूस असता तर पुढचं सगळं सोपं गेलं असतं.

त्याची एक पद्धत होती. एखादी बाई मार खाऊन त्याच्या दारात आली की तो नवराबायकोला देवळाशेजारच्या सभामंडपात बोलवायचा. डाव्या-उजव्या घरांतली एकेक बाई साक्षीला. थाव्री लिहायला. मग चहा यायचा आणि ता सुओन म्हणायचा, "एका टोपलीतली ताटं एकमेकांवर आपटायचीच." सगळे मान डोलवायचे. मग थाव्री लिहायची.

पहिला पक्ष, म्हणजे नवरा, यापुढे सबळ कारणाशिवाय हात उचलणार नाही. दुसरा पक्ष, म्हणजे बायको, मान्य करते की प्रस्तुत प्रसंग तिच्या बोलण्यामुळे उद्भवला. यापुढे ती आवाज चढवणार नाही, जेवण वेळेवर देईल आणि घरातली गोष्ट घराबाहेर नेणार नाही.

"'सबळ' म्हणजे कितपत?" थाव्रीने एकदा विचारलं होतं.

"ते लिहू नकोस," ता सुओन म्हणाला. "माणसाला थोडी जागा ठेवावी लागते."

लिहून झालं की तो पहिल्या पक्षाचा भाग मोठ्याने वाचायचा. नवरा मान खाली घालायचा. बायकोला बरं वाटायचं. दुसऱ्या पक्षाचा भाग वाचत नसत. तोवर चहा निवत असे. मग चौघांनी लाल शाईत अंगठा बुडवून कागदावर टेकवायचा. थाव्री कार्बन घालून दोन प्रती काढायची, एक ता सुओनच्या खणाला, दुसरी तिच्या रांजणाला. अंगठा शाईत बुडालेलाच असे. ती दुसरी प्रतही पुढे सरकवायची. बाई कार्बन कशाला घालते, हे बारा वर्षांत कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.

गावातल्या बहुतेक बायकांना वाचता येत नव्हतं. थाव्रीला येत होतं. या वाक्याचा अर्थ तिला कळत नव्हता असं नाही.

राथाचे तीन कागद झाले होते. राथा तेवीस वर्षांची, चटया विणायची. तिच्या चटईची वीण इतकी दाट की पाणी ओतलं तर वर थांबायचं. नवरा वुथी नदीतली वाळू उपसणाऱ्या बार्जवर कामाला. तीन वर्षांची मुलगी, लिदा. घर दोघांनी मिळून बांधलेलं, खांब राथाच्या आईने दिलेले. चौथ्या कागदाच्या वेळी राथा आली ती उजवा हात बांबूच्या कामट्यांत बांधून.

"उजवा हात हलत नाही, ता," ती म्हणाली.

"मग डावा दे. माणसाला दोन असतात ते काय उगीच?" ता सुओन म्हणाला. मंडपात दोन-तीन माणसं हसली. वुथीही हसला, समजूतदारपणे.

राथाने डावा अंगठा टेकवला. कागद तिच्यापुढे सरकवला तो थाव्रीने.

पाचव्या दिवशी सकाळी थाव्रीच्या घराखाली, खांबांमधल्या सावलीत, शेवयांची गिऱ्हाईकं बसली होती. राथा लिदाला कडेवर घेऊन आली आणि बाकड्याच्या टोकाला टेकली. डाव्या कानातून रक्त येऊन मानेवर सुकलं होतं.

"मिंग, शेवया आहेत का?" तिने विचारलं.

एवढ्या माणसांदेखत दुसरं काय विचारणार? थाव्रीने वाडग्यात शेवया घातल्या, माशाचा हिरवा रस्सा ओतला, वर केळफूल चिरून टाकलं आणि तिच्यापुढे ठेवलं. राथाला चावता येत नव्हतं. गिऱ्हाईकं आपापल्या वाडग्यांत काहीतरी हरवल्यासारखी बघत होती. लिदाने आईच्या वाडग्यातलं खाल्लं. मग थाव्रीने चूल विझवली, अर्धी शेवई तशीच टोपलीत टाकली आणि राथाला शिडीवरून वर घेतलं.

"किती दिवस ठेवून घेशील?" राथाने विचारलं.

"शेवया आहेत तोवर," थाव्री म्हणाली. शेवया ती रोज करत असे.

दुसऱ्या दिवशी ता सुओन आला. सोबत वुथी, आणि वुथीच्या हातात संत्र्यांची पिशवी. बायको परत न्यायला आलं की संत्री आणायची, ही वुथीची स्वतःची पद्धत. राथाला संत्र्याचा वास सहन होईनासा झाला होता.

"थाव्री, हिला खाली पाठव," ता सुओन म्हणाला. "रविवारी मंडपात एक कागद करून टाकू."

"पाचवा?"

"आकड्यावर जाऊ नकोस. बुधवारी जिल्ह्याची माणसं येतायत. 'सलोख्याचं गाव' म्हणून निळी पाटी मिळायचीय. तीन गावांत आपलं नाव पहिलं आहे. आणि आज गावात एकच प्रकरण उघडं आहे, ते तुझ्या माडीवर बसलंय."

"ता, तिचा कान फुटलाय."

"ऐकलं मी."

"तिला ऐकू येत नाही. तुम्हाला येतं ते बरं आहे."

वुथी मधे म्हणाला, "मिंग, माझं चुकलं. मी सगळ्यांसमोर सांगतो. पण ती बोलते फार हो. तिला विचारा."

"विचारलं असतं. तिच्या तोंडाला सूज आहे."

ता सुओनने उसासा टाकला. भांडण आवडत नसणाऱ्या माणसाचा तो उसासा होता. "एका टोपलीतली ताटं," त्याने सुरुवात केली.

"आपटतात," थाव्री म्हणाली. "पण आपटली तर कधी हे फुटावं, कधी ते. बारा वर्षं मी बघतेय, दरवेळी एकच ताट फुटतंय. मी कागद लिहिणार नाही."

"मग माझा भाचा लिहील. त्याचं अक्षर गचाळ आहे, पण अंगठ्याला अक्षर लागत नाही." जाताना तो शिडीशी थांबला. "रविवारी राथा आली नाही तर बाई घर सोडून गेली असं धरायचं. मग मूल बापाकडे. हे मी म्हणत नाही, गाव म्हणतं."

गाव त्या वेळी नदीवर मासे कापत होतं. त्यामुळे ते काही म्हणत असण्याची शक्यता कमी होती.

प्राहोकचा, म्हणजे मासे मिठात मुरवण्याचा, हंगाम होता. पाणी उतरतं तसे बोटाएवढे मासे जाळ्यांत मावेनासे होतात. मग घरटी एक-दोन बाया काठावर बसून त्यांची मुंडकी उडवतात, ते तुडवतात, मिठात घालतात. वर्षभराचं कालवण त्या पंधरा दिवसांत ठरतं. सगळ्या बाया एका जागी, हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी, असं वर्षातून तेवढंच एकदा होतं. थाव्रीने रांजण पालथा केला. औषधाच्या पुड्या बाजूला काढल्या आणि उरलेले कागद मोजले. त्रेसष्ट. घरं बावीस. ते टोपलीत घालून तिने वर केळीचं पान झाकलं आणि ती काठावर गेली.

येताना तिने ठरवलं होतं की आधी राथाचं सांगायचं, मग हळूहळू बाकीचं. पण सिनुन दिसली आणि सगळं विसरायला झालं. सिनुन वुथीच्या शेजारची, राथाच्या चौथ्या कागदाची साक्षीदार, अडतीस वर्षांची, तोंडाने तिखट. तिचे स्वतःचे कागद पाच होते.

"सिनुन, तुझा कागद वाचते," थाव्री म्हणाली.

"कसला कागद?"

"तुझ्या नवऱ्याने लिहून दिलेला."

"तो पाठ आहे मला. हात उचलणार नाही म्हणाला होता. हात नाही उचलला, वल्हं उचललं." बाया हसल्या.

"दुसरा भाग ऐक."

थाव्रीने वाचला. दुसरा पक्ष मान्य करते. प्रस्तुत प्रसंग तिच्या बोलण्यामुळे. आवाज चढवणार नाही. घराबाहेर नेणार नाही. आवाज मास्तराच्या पोरीचा, स्पष्ट आणि एका सुरात. वाचून झालं तेव्हा जवळच्या सुऱ्या थांबल्या होत्या.

"हे मी म्हटलं?" सिनुनने विचारलं.

"खाली तुझा अंगठा आहे."

"मी म्हटलं का, विचारते."

"नाही. मी लिहिलं."

"माझं नाक फुटलं होतं तेव्हा. पावसात गेले होते मी ताकडे. आणि तू लिहिलंस की माझ्यामुळे." सिनुन उठली नाही, ओरडलीही नाही. "आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला शेवया वाढल्यास. रस्सा जास्त घातलास. मला वाटलं, मिंगला माया आली."

सिनुनने पुढ्यातलं माशाचं मुंडकं उचललं आणि मारलं. ते थाव्रीच्या कपाळाला लागून पडलं. तिने कपाळ पुसलं नाही. पुढचा कागद काढला.

त्या दिवशी तिने एकवीस घरांचे कागद वाचले. बाविसावं घर तिच्या माडीवर होतं. काही बायांनी ऐकून घेतलं. काहींनी मधेच "पुरे" म्हटलं. एकीने कागद हिसकावून घेतला आणि उलटा धरून बघत राहिली. थाव्रीला तेवढंच फक्त सहन झालं नाही, तिने तो हळूच सुलटा करून दिला. येय हुन, म्हणजे हुन आजी, ही सत्तरीची म्हातारी होती, पानाने तोंड लाल झालेली, गावातल्या पुष्कळ कागदांची साक्षीदार. ती म्हणाली, "तेरा वेळा साक्ष दिली मी. मला वाटायचं, त्या मेल्यांच्या शब्दाला साक्ष देतेय. निघालं की पोरींच्या जिभा कापायला अंगठा देत होते. मला एक सांग थाव्री, तुला कुणी बंदूक लावली होती का?"

"नाही."

"त्या दिवसांत लावली होती, तेव्हा तू लिहिता येत नाही म्हणालीस. आता कुणी लावली नाही, तर लिहीत बसलीस."

थाव्रीने टोपलीवर केळीचं पान झाकलं.

मग थाव्रीने रविवारचं सांगितलं. पाचवा कागद, निळी पाटी, लिदा बापाकडे. राथाला परत त्या घरात पाठवलं तर सहावा कागद करायची वेळ येणार नाही, कारण अंगठा टेकवायला ती नसेल. हे तिने इतक्या सरळ सांगितलं की येय हुनने पान थुंकून टाकलं.

"साक्षीला मला बोलावलंय," सिनुन म्हणाली. "आणि येयला." तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं. उजव्या अंगठ्याला सुरी लागली होती आणि वर जुन्या पंच्याची चिंधी गुंडाळलेली होती. हंगामात निम्म्या बायांचे अंगठे असेच असतात. "यातून काय उमटणार, डोंबल?" ती म्हणाली. आणि मग शेजारच्या बाईच्या अंगठ्याकडे बघायला लागली.

रविवारी मंडप भरला. ता सुओनने स्वच्छ सदरा घातला होता. भाच्याने कागद आणला होता. वुथी पुढे बसला होता, संत्र्यांसकट. राथा आली, लिदाला घेऊन, आणि तिच्या मागून बाया आल्या. साक्षीला दोघींना बोलावलं होतं, आल्या एकतीस. सगळ्या बसल्या, हात मांडीवर ठेवून. प्रत्येकीच्या उजव्या अंगठ्याला चिंधी.

ता सुओनने नेहमीसारखा पहिल्या पक्षाचा भाग वाचला. वुथीने मान खाली घातली. मग शाईची डबी उघडली.

"राथा, ये."

राथा जागची हलली नाही. "दुसरा भाग वाचा, ता."

"त्यात नेहमीचंच आहे."

"मला डावीकडून ऐकू येत नाही. उजवीकडून वाचा."

मंडपात कुणीतरी खोकलं. ता सुओनने भाच्याकडे बघितलं, भाच्याने छताकडे. "आधी साक्षी घेऊ," ता सुओन म्हणाला. "सिनुन, अंगठा."

"कापलाय."

"येय हुन?"

"माझाही कापलाय बाबा. हंगाम आहे ना माशांचा."

"येय, तुम्ही या वर्षी नदीवर बसलाच नाहीत. तुमची सून बसते."

"म्हणून तर कापला. सवय मोडली माझी."

ता सुओन हसला नाही. बायांच्या रांगेवरून त्याने नजर फिरवली. "सगळ्यांचे अंगठे एकाच हंगामात कापले?"

"मासे फार आले," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग डावे द्या. डावा चालतो."

एकतीस बायांनी डावे हात मांडीवरून उचलून पुढे धरले. त्यांनाही चिंध्या होत्या. ता सुओनने ते बघितलं आणि शाईची डबी मिटली. त्याने थाव्रीकडे बघितलं.

"हे तुझं काम."

"कागदही माझंच काम होतं, ता," थाव्री म्हणाली. "त्याबद्दल तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

वुथी उठला आणि राथाचा दंड धरला, कामट्यांत बांधलेल्या उजव्या हाताचाच. सिनुन मधे उभी राहिली. तिच्यामागे आणखी चार-पाच. कुणी हात उचलला नाही; नुसत्या उभ्या राहिल्या, इतक्या जवळ की माणसाला हात उचलायलाही जागा उरू नये. वुथीने चहूकडे बघितलं. पुरुष मंडळी होती मंडपात, बरीच होती. आपापल्या बायकांचे अंगठे बघत होती. त्याने दंड सोडला आणि संत्री घेऊन तो निघून गेला.

अंगठ्याशिवाय प्रकरण मिटत नाही, ही ता सुओनचीच पद्धत. न मिटलेलं प्रकरण वर पाठवावं लागतं, हाही नियमच. बुधवारी जिल्ह्याची माणसं आली तेव्हा प्रकरण उघडंच होतं. पाटी त्या वर्षी शेजारच्या गावाला गेली. त्या गावात बायका वाचून दाखवा म्हणत नसत.

यानंतर संघटना कशी वाढली याबद्दल अहवालांत पुष्कळ लिहिलेलं आहे. त्यात 'टप्पे' आहेत. थाव्रीच्या आठवणीप्रमाणे टप्पा एकच होता: बाया येत राहिल्या. आधी गावातल्या, मग नदीपलीकडच्या. पदरात, भाताच्या डब्यात, पोराच्या झबल्यात घडी करून कागद आणायच्या आणि म्हणायच्या, "मिंग, यात काय आहे ते वाच." संघटनेचं पहिलं काम वाचून दाखवणं हेच होतं आणि आजही तेच आहे; दोन्ही भाग, पूर्ण, मोठ्याने. मग बाईला गप्प बसू द्यायचं. मग विचारायचं, आता काय करायचं. थाव्रीच्या घराखाली बायांना झोपायला झोळ्या टांगल्या, मग सिनुनच्या घराखाली. ज्या गावात बाई मार खाऊन बाहेर पडे त्या गावात सहा-सात जणी जाऊन दारासमोर बसत आणि मासे, भाजी, जे असेल ते कापत बसत. कापायला काही नसेल तर बांबू सोलत. काही बोलायचं नाही, नुसतं कापायचं. फार परिणाम होत असे. सिनुन लिहायला शिकली. तिचं अक्षर तिच्या बोलण्यासारखं, टोकदार आणि ओळीबाहेर जाणारं.

नोंदणी करायला गेल्या तेव्हा कारकुनाने नाव विचारलं.

"मार खाणाऱ्या बायांची संघटना," सिनुन म्हणाली.

"'मार' चालणार नाही. 'सलोखा' घाला."

"सलोखा मोडायलाच बसलोय आम्ही."

"मग 'साहाय्य'ही घाला," कारकून म्हणाला. "आणि गावप्रमुखांची संमतीची सही."

ता सुओनने सही केली. आता गावागावांत संघटना किती, असं वरून विचारत होते, आणि त्याच्याकडे सांगायला ही एकच होती. सही करताना त्याने थाव्रीला चहा दिला आणि म्हणाला, "बघ, शेवटी आपण एकत्रच काम करतोय." थाव्रीने चहा तिथेच ठेवला. संघटनेकडे आलेली प्रकरणं गावच्या वहीत चढत नाहीत, कारण ती संघटनेकडे गेलेली असतात. त्यामुळे गावात मारहाण शून्य. निळी पाटी चौथ्या वर्षी लागली, मंडपाच्या दारावर. नऊ वर्षांत संघटनेकडे चौदा गावांतून चारशे अकरा बाया आल्या. त्यांतल्या सत्तावन्न थ्नोतकोंगच्या.

राथाचं प्रकरण कोर्टात चौदा महिने चाललं. थाव्री दर तारखेला गेली. पहिल्या तारखेला तिने चारही कागद पुरावा म्हणून स्वतःच्या हाताने दिले. तिला वाटलं, चार वेळा मारल्याचं याहून स्पष्ट कुठे लिहिलेलं असणार. न्यायाधीशसाहेबांनी ते पूर्ण वाचले, दोन्ही भाग. वाचायला त्रास पडला नाही. घटस्फोट दिला, मुलगी आईकडे दिली. घराबाबत निकालात लिहिलं की प्रत्येक प्रसंग पत्नीच्या बोलण्यामुळे उद्भवला, हे पत्नीने स्वतः चार वेळा मान्य करून अंगठा दिलेला आहे. सबब पतीला बेघर करणं न्याय्य होणार नाही.

थाव्री कोर्टाच्या पायरीवर बसली. राथाने तिला उठवलं नाही, शेजारी बसली. "मिंग," ती थोड्या वेळाने म्हणाली, "तू कागद दिले नसतेस तर?"

"तर घर तुला मिळालं असतं."

"आणि लिहिले नसतेस तर?"

थाव्रीने निकालाचा कागद घडी करून कमरेला खोचला.

प्रशस्तिपत्र जिल्ह्याच्या माणसाने घरी आणून दिलं. थाव्री नदीपलीकडे गेली होती, सिनुनने सही करून घेतलं. राथा आणि लिदा थाव्रीच्या घराखाली राहतात, चटया विणतात. वुथी त्याच घरात राहतो. थाव्रीच्या घरापासून ते चौथं घर आहे.